अँग्युलर ३ कुठे गेलं? एका रेपोतली अनेक पॅकेजेस, त्यांचे व्हर्जन नंबर आणि चेंजलॉग

फोनवर ॲप अपडेट करताना खाली एक ओळ हमखास दिसते: 'किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा'. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच ओळ. नेमकं काय बिघडलं होतं आणि काय दुरुस्त झालं, याचा पत्ता नाही. वापरणाऱ्याचं त्यावाचून फारसं अडत नाही, तो बटण दाबतो आणि पुढे जातो. पण ते ॲप ज्या शेकडो छोट्या छोट्या सॉफ्टवेअर तुकड्यांवर उभं असतं, त्यांच्या बाबतीत असा मोघमपणा चालत नाही. तिथे एक नंबर चुकीचा पडला, तर दुसऱ्याच कुणाचं तरी चालू काम बंद पडतं.

गुगलच्या 'अँग्युलर'चा किस्सा या संदर्भात प्रसिद्ध आहे. वेबसाइट आणि वेब ॲप बनवण्यासाठी वापरलं जाणारं हे फ्रेमवर्क. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं आणि मार्च २०१७ मध्ये थेट अँग्युलर ४. मधलं ३ कधी निघालंच नाही. ही जाहिरातबाजी वाटू शकते, पण कारण साधं हिशेबाचं होतं. एकाच घरात राहणाऱ्या पॅकेजेसचे नंबर एकमेकांशी जुळेनासे झाले होते. ते कसे, हे समजायला आधी व्हर्जन नंबर म्हणजे काय ते पाहावं लागेल.

तीन आकड्यांचा करार

बहुतेक सॉफ्टवेअर पॅकेजेसना २.३.१ असा तीन आकड्यांचा नंबर असतो. या पद्धतीला सिमँटिक व्हर्जनिंग किंवा थोडक्यात 'सेमव्हर' म्हणतात. तिचे नियम गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहून काढले. पहिला आकडा मेजर, दुसरा मायनर, तिसरा पॅच. नुसती चूक दुरुस्त केली तर पॅच वाढतो. जुनं सगळं तसंच ठेवून नवी सोय दिली तर मायनर वाढतो. आणि जुन्या पद्धतीने वापरणाऱ्याचं काम मोडेल असा बदल केला तर मेजर वाढवावाच लागतो.

इथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे दशांश चिन्ह नव्हे. त्यामुळे १.९ नंतर २.० येईलच असं नाही, १.१० येऊ शकतं, आणि १.१० हे १.९ पेक्षा मोठं असतं. दुकानातल्या हिशेबाची सवय असलेल्या डोळ्यांना हे खटकतं, पण टिंबं फक्त तीन खाती वेगळी करायला आहेत.

हे आकडे माणसांइतकेच यंत्रंही वाचतात, म्हणून ते महत्त्वाचे. जावास्क्रिप्टची पॅकेजेस 'एनपीएम' या सार्वजनिक कोठारातून येतात. आपल्याला कोणतं पॅकेज हवं ते प्रोजेक्टच्या एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि त्यापुढे बहुतेक वेळा टोपीसारखं चिन्ह असतं: ^१.४.०. याचा अर्थ, १.४.० किंवा त्यापुढचं काहीही चालेल, फक्त २.०.० च्या आतलं हवं. म्हणजे पॅच आणि मायनर बदल विनातक्रार, कुणाला न विचारता आत येऊ शकतात. समोरच्याने नंबर प्रामाणिकपणे दिला असेल, या भरवशावर हा सगळा कारभार चालतो.

भरवसा तुटला की काय होतं ते जानेवारी २०२२ मध्ये दिसलं. 'कलर्स' नावाचं एक छोटं पॅकेज आहे. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत रंगीत अक्षरं दाखवणं एवढंच त्याचं काम. त्याच्या लेखकानेच त्यात कधीही न थांबणारं चक्र घातलं आणि ते १.४.१ या नंबरने प्रसिद्ध केलं. नंबर सांगत होता की बारीकशी दुरुस्ती आहे. टोपी लावलेल्या असंख्य प्रोजेक्टमध्ये ते आपोआप शिरलं आणि टर्मिनलवर अर्थहीन अक्षरांचा पूर सुरू झाला. ॲमेझॉनचं क्लाउड डेव्हलपमेंट किट वापरणाऱ्यांनाही त्याचा फटका बसला. हा मुद्दाम केलेला प्रकार होता. पण चुकून, घाईत किंवा अज्ञानाने दिलेला चुकीचा नंबरही वापरणाऱ्याच्या दृष्टीने तेवढाच महागात पडतो.

एक घर, अनेक चुली

सॉफ्टवेअरचा कोड ज्या जागी ठेवतात त्याला रिपॉझिटरी म्हणतात, बोलीभाषेत रेपो. पूर्वी साधा रिवाज होता, एक पॅकेज, एक रेपो. पण मोठ्या प्रोजेक्टमध्ये पॅकेजेस वाढत जातात. एका बदलासाठी पाच रेपोंमध्ये हात घालावा लागतो, पाच ठिकाणी तपासणी आणि पाच ठिकाणी मंजुरी. म्हणून अनेकांनी सगळी पॅकेजेस एकाच रेपोत आणली. याला मोनोरेपो म्हणतात.

गुगलने तर बहुतांश कंपनीचा कोड असा एकत्र ठेवला आहे. रेचल पॉटव्हिन आणि जॉश लेव्हनबर्ग यांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या लेखानुसार त्या एका रेपोत सुमारे २ अब्ज ओळी होत्या. पण गुगलचं उदाहरण इथे फारसं कामाचं नाही, कारण आत सगळेच जण कोडच्या ताज्या प्रतीवर काम करतात. आतल्या आत व्हर्जन नंबरांची गरजच फारशी उरत नाही. नंबरांची खरी कसरत सुरू होते ती रेपो एक असूनही पॅकेजेस बाहेरच्या जगाला सुटी सुटी द्यायची असतात तेव्हा.

'बेबल' हे याचं जुनं उदाहरण. नव्या जावास्क्रिप्टचं जुन्या ब्राउझरला कळेल अशा जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारं हे साधन. २०१५ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली तेव्हा ते अनेक लहान पॅकेजेसमध्ये विभागलं गेलं, पण कोड मात्र एकाच रेपोत राहिला. हा पसारा आवरायला जी हत्यारं बनवली त्यातून 'लर्ना' हे वेगळं साधन जन्माला आलं. नाव चपखल आहे. ग्रीक पुराणातला अनेक तोंडांचा हायड्रा लर्नाच्या दलदलीत राहत असे.

एक धागा ओढला की

अडचण नेमकी कुठे येते ते एका काल्पनिक उदाहरणावरून बघता येईल. एका रेपोत तीन पॅकेजेस आहेत. 'रंग' १.४.२ मध्ये कंपनीच्या सगळ्या रंगांच्या छटा आहेत. 'बटण' ३.०.१ हे 'रंग' वापरतं. 'फॉर्म' ०.९.० हे 'बटण' वापरतं.

आता कुणीतरी 'रंग'मधल्या 'निळा' या छटेचं नाव बदलून 'गडद-निळा' केलं. जुनं नाव वापरणाऱ्या प्रत्येकाचं काम मोडणार, म्हणून 'रंग' सरळ २.०.० झालं. इथवर वाद नाही. पण 'बटण'चं काय? त्याने आतल्या आत नवं नाव वापरायला सुरुवात केली आणि बाहेरून काहीच बदललं नाही, तर 'बटण' फक्त ३.०.२ होईल. एका पॅकेजचा मेजर बदल दुसऱ्याचा पॅच ठरू शकतो. 'फॉर्म'ला तर काहीच करायला नको, कारण त्याने मागितलेल्या ^३.०.१ मध्ये ३.०.२ बसतं.

पण समजा 'बटण' आपल्या वापरकर्त्यांना रंगांची यादीही जशीच्या तशी पुढे देत असेल, तर? मग 'निळा' लिहिणाऱ्या त्या लोकांचंही काम मोडलं. 'बटण'ला ४.०.० व्हावं लागेल. आणि ४.०.० हे ^३.०.१ मध्ये बसत नसल्यामुळे 'फॉर्म'लाही हलावं लागेल. एका शब्दाचा बदल, तीन पॅकेजेस, आणि तिघांची उत्तरं वेगळी.

यात 'फॉर्म' हलवायचं राहून गेलं तर लगेच काही कोसळत नाही, हे जास्त वाईट. ज्या ॲपने 'बटण' ४ थेट घेतलं आणि 'फॉर्म'ही घेतला, त्याच्याकडे 'बटण'च्या दोन प्रती येतात, एक नवी आणि एक 'फॉर्म'ने सोबत आणलेली जुनी. ॲप जड होतं. पुढे नव्या प्रतीत निळ्याची छटा थोडी बदलली, तर एकाच पानावर दोन वेगवेगळे निळे दिसू लागतात. तक्रार येते ती फॉर्मबद्दल, आणि फॉर्मच्या कोडमध्ये तर काहीच बदललेलं नसतं. असा दोष शोधण्यात माणसाचा अख्खा दिवस जातो.

('फॉर्म'च्या सुरुवातीचं शून्यही फसवं आहे. सेमव्हरमध्ये ० ने सुरू होणारा नंबर म्हणजे 'अजून काहीही बदलू शकतं' अशी पाटी. रिॲक्ट हे फेसबुकचं पॅकेज वर्षानुवर्षं ० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरच होतं, जग ते बिनधास्त वापरत होतं. शेवटी २०१६ मध्ये त्यांनी ०.१४ नंतर थेट १५.० काढलं.)

सगळे एका माळेचे मणी, की ज्याचा त्याचा नंबर?

मोनोरेपोत नंबर द्यायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. लर्नाच्या भाषेत एक 'फिक्स्ड' आणि दुसरी 'इंडिपेंडंट'.

फिक्स्डमध्ये सगळ्या पॅकेजेसचा नंबर एकच चालतो. बाहेरच्या माणसाला हे फार सोपं जातं. सगळं ७ वर असेल तर एकमेकांशी जुळेल, एवढं लक्षात ठेवलं की झालं. तोटा असा की एका कोपऱ्यातल्या पॅकेजमध्ये मोठा बदल झाला तरी सगळ्यांचाच मेजर आकडा उडी मारतो. ज्यात एक ओळही बदललेली नाही असं पॅकेज ७ चं ८ होतं आणि ते वापरणारा उगाच धास्तावतो. नंबर बदलला, पण काय मोडलं ते काही केल्या सापडत नाही, कारण मोडलेलं काहीच नसतं.

इंडिपेंडंटमध्ये ज्याचा त्याचा नंबर. वर पाहिलेलं रंग, बटण, फॉर्म हे त्याच पद्धतीचं. प्रत्येक नंबर खरं बोलतो, पण कोणता कोणाशी जुळतो हे वापरणाऱ्याने शोधायचं.

अँग्युलर याच दोन पद्धतींच्या मधे अडकलं. त्याची कोअर, कंपायलर वगैरे पॅकेजेस बरोबर चालत होती. पण एका पानावरून दुसऱ्या पानावर नेण्याचं काम करणारं 'राउटर' पुन्हा पुन्हा नव्याने लिहिलं गेलं होतं आणि त्याचा नंबर पुढे निघून गेला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये कोअर २.०.० म्हणून आलं तेव्हा त्याच्या सोबतचं राउटर ३.०.० होतं. डिसेंबरपर्यंत कोअर २.३.० आणि राउटर ३.३.०. हे दोघे एकमेकांसाठीच बनलेले, पण नंबर पाहून ते कुणालाही कळलं नसतं. पुढची मोठी आवृत्ती ३ म्हणून काढली असती तर कोअर ३ आणि राउटर ४ अशी जोडी झाली असती, आणि 'अँग्युलर ३ सोबत राउटर ३ चालेल ना?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं द्यावं लागलं असतं.

डिसेंबर २०१६ मध्ये टीमचे इगॉर मिनार यांनी तोडगा जाहीर केला. सगळ्यांनी एकदम ४ वर जायचं. एक आकडा वाया गेला, पण आकडे फुकट असतात, वापरणाऱ्यांचा गोंधळ फुकट नसतो. हा निर्णय योग्यच होता. पुढे 'अँग्युलर २' म्हणणं सोडून नुसतं 'अँग्युलर' म्हणावं, असंही टीमने सुचवलं, कारण दर सहा महिन्यांनी मेजर आकडा वाढणार होता.

ॲमेझॉनच्या क्लाउड डेव्हलपमेंट किटने तिसरीच वाट धरली. त्याच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक क्लाउड सेवेसाठी वेगळं पॅकेज होतं, शंभराहून जास्त. सगळ्यांचा नंबर एकच ठेवलेला असायचा, आणि वापरणाऱ्यालाही आपल्या प्रोजेक्टमध्ये तो तंतोतंत सारखा ठेवावा लागायचा. एखादं पॅकेज मागे राहिलं की समजायला अवघड अशा चुका पडद्यावर येत. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा ही स्थिर पॅकेजेस एकाच मोठ्या पॅकेजमध्ये बांधून टाकली गेली. जी पॅकेजेस कधीच एकेकटी वापरता येत नाहीत त्यांना वेगळे नंबर तरी कशाला, हा विचार त्यामागे दिसतो.

रिॲक्टच्या रेपोत तर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. मुख्य 'रिॲक्ट' आणि 'रिॲक्ट-डॉम' यांचा नंबर एकच. पण त्याच रेपोतलं, कोडमधल्या चुका दाखवणारं हुक्सचं प्लगइन आपल्या वेगळ्या नंबरावर चालतं. व्यवहारात बहुतेक मोठे प्रोजेक्ट शेवटी असेच वागतात. जे जोडीने वापरायचे त्यांची गाठ बांधतात आणि बाकीच्यांना मोकळं सोडतात.

चेंजलॉग कुणासाठी?

नंबर सांगतो की बदल किती मोठा आहे. काय बदललं ते चेंजलॉग सांगतो. ही साधारणपणे पॅकेजच्या फोल्डरमध्ये ठेवलेली एक साधी मजकुराची फाइल, ताजी नोंद सगळ्यात वर.

प्रोग्रॅमर कोड साठवताना प्रत्येक वेळी एक छोटा संदेश लिहितो, त्याला कमिट संदेश म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हेच संदेश जसेच्या तसे ओतून 'चेंजलॉग' म्हणून दिले जातात. 'टेस्ट नीट केली', 'पुन्हा प्रयत्न', 'टायपो' अशा पन्नास ओळी. लिहिणाऱ्याच्या रोजनिशीचं वाचणाऱ्याने काय करायचं? ऑलिव्हिए लाकान यांच्या 'कीप अ चेंजलॉग' या प्रसिद्ध मार्गदर्शिकेचा सगळा रोख याच सवयीविरुद्ध आहे. नोंदी माणसांसाठी लिहाव्यात. नवं काय, बदललं काय, लवकरच बंद होणार काय, काढून टाकलं काय, दुरुस्त काय आणि सुरक्षेचं काय, असे कप्पे करावेत आणि प्रत्येक आवृत्तीपुढे तारीख घालावी.

मोनोरेपोत यात आणखी एक प्रश्न वाढतो, नोंद कुठल्या पॅकेजच्या नावावर? डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या जावाच्या पॅकेजमध्ये अतिशय धोकादायक त्रुटी सापडली, तेव्हा या प्रश्नाची धार दिसली. महिन्याभरात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा दुरुस्त्या एकामागोमाग निघाल्या. त्रुटी 'कोअर' या भागात होती. नुसता 'एपीआय' हा भाग वापरणाऱ्यांना तिचा धोका नव्हता. पण दोन्ही भाग एकाच प्रोजेक्टमधून, एकाच नंबरने निघतात. केवळ नंबर पाहणाऱ्याला दोन्ही फाइल सारख्याच भीतीदायक. 'फक्त कोअरवर परिणाम' ही एक ओळ वाचलेल्या माणसाला आधी कुठे धावायचं ते कळत होतं.

नोंद लिहायची कधी?

सगळ्यात रुजलेली आणि सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे रिलीजच्या दिवशी लिहिणं. तीन आठवड्यांचं काम, दहा माणसं, वीस पॅकेजेस, आणि शुक्रवारी संध्याकाळी एक जण जुने कमिट चाळत बसलेला. वराती मागून घोडं. ज्याने 'निळा'चं नाव बदललं त्याला त्या दिवशी पक्कं माहीत होतं की हा मोडणारा बदल आहे. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच माणसाला तो 'नाव नीट केलं' एवढाच दिसतो, आणि मेजरच्या जागी पॅच पडतो.

मग लगेच लिहायचं ठरवलं, तर दुसरी पंचाईत. सगळे जण एकाच चेंजलॉगच्या वरच्या दोन ओळींत लिहायला जातात आणि प्रत्येकाचा बदल दुसऱ्याच्या बदलावर आदळतो. गिट अशा वेळी काम थांबवून 'दोघांपैकी कोणाचं ठेवू?' असं विचारतं. गिटलॅबमध्ये हा त्रास इतका वाढला की त्यांनी प्रत्येक नोंदीसाठी वेगळी छोटी फाइल करायची आणि रिलीजच्या वेळी यंत्राने त्या एकत्र जोडायच्या, अशी पद्धत आणली. खुद्द पायथन भाषेच्या प्रोजेक्टनेही २०१७ मध्ये हाच उपाय केला. दोन फाइल वेगळ्या असल्या की टक्कर होतच नाही, इतकं ते साधं आहे.

जावास्क्रिप्टच्या मोनोरेपोंमध्ये हीच कल्पना 'चेंजसेट्स' या साधनाने पुढे नेली. प्रोग्रॅमर आपल्या बदलासोबत एक आज्ञा चालवतो. साधन विचारतं: कोणत्या पॅकेजेसवर परिणाम झाला? प्रत्येकासाठी मेजर, मायनर की पॅच? आणि वापरणाऱ्याला काय सांगायचं? उत्तरांची एक छोटी फाइल तयार होते, तिला यंत्रच तीन-चार इंग्रजी शब्द जुळवून काहीतरी मजेशीर नाव देतं. ही फाइल कोडसोबतच तपासणीला जाते. इथे या पद्धतीची खरी ताकद आहे. तपासणारा सहकारी म्हणू शकतो, 'अरे, हा पॅच नाही, यात जुनं नाव गेलंय.' नंबराचा वाद कोड ताजा असतानाच मिटतो.

रिलीजच्या दिवशी साधन साठलेल्या सगळ्या फाइल गोळा करतं. एका पॅकेजला तीन पॅच आणि एक मायनर असेल तर त्यातला मोठा, म्हणजे मायनर, एकदाच लागू होतो. प्रत्येक पॅकेजचा चेंजलॉग लिहिला जातो, छोट्या फाइल पुसल्या जातात. एखादं पॅकेज वापरणाऱ्याच्या मर्यादेबाहेर गेलं, जसं 'बटण' ४.०.० 'फॉर्म'च्या मर्यादेबाहेर गेलं, तर 'फॉर्म'चा पॅच आपोआप वाढतो आणि त्याच्या नोंदीत 'बटण'ची नवी आवृत्ती घेतल्याची ओळ पडते. माणूस विसरतो ते काम हेच. मात्र 'बटण' रंगांची यादी पुढे देतं की नाही, म्हणजे त्याला मेजर हवा की पॅच, हे यंत्राला कळत नाही. ते कोड लिहिणाऱ्यानेच सांगायचं असतं.

दुसरा पंथ म्हणतो, वेगळी फाइल नकोच, कमिट संदेशच शिस्तीत लिहा. संदेशाच्या सुरुवातीला 'फिक्स' असेल तर पॅच, 'फीट' असेल तर मायनर, आणि 'ब्रेकिंग चेंज' असं नमूद केलं असेल तर मेजर. या संकेताला कन्व्हेन्शनल कमिट्स म्हणतात आणि त्याचं मूळ अँग्युलरच्याच कमिट लिहिण्याच्या नियमांत आहे. 'सिमँटिक-रिलीज' आणि गुगलचं 'रिलीज-प्लीज' ही साधनं असे संदेश वाचून नंबर ठरवतात आणि चेंजलॉगही तयार करतात.

कागदावर ही पद्धत अधिक सुटसुटीत. पण तिचा सगळा भार संदेशावर येतो. कोणी मोडणाऱ्या बदलाला 'फिक्स' लिहिलं की नंबर चुकला, आणि कमिट एकदा मुख्य शाखेत गेल्यावर तो संदेश बदलणं त्रासाचं. चेंजसेटची फाइल रिलीज होईपर्यंत कधीही दुरुस्त करता येते. शिवाय कमिट संदेश सहकाऱ्यासाठी असतो आणि चेंजलॉग परक्या माणसासाठी. एका वाक्याने दोघांचं समाधान क्वचितच होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एकदोन पॅकेजेसच्या लहान, शिस्तीच्या टीमला कमिटची पद्धत पुरते. पॅकेजेस वाढली आणि बाहेरचे लोक हातभार लावू लागले की वेगळी फाइल बरी पडते.

प्रसिद्ध करण्याच्या क्षणी

नंबर ठरले, नोंदी झाल्या, आता वीस पॅकेजेस एनपीएमवर चढवायची. बारा चढली आणि इंटरनेट गेलं, तर? एनपीएमचा नियम कडक आहे. एकदा वापरलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही, ते पॅकेज काढून टाकलं तरीही. त्यामुळे चढलेली बारा मागे घेऊन पुन्हा त्याच नंबरांनी सुरुवात करणं शक्य नसतं. चांगली साधनं म्हणूनच आधी कोठाराला विचारतात की कोणते नंबर तिथे आहेत, आणि फक्त राहिलेली पॅकेजेस चढवतात. हेच काम हाताने करताना घाबरून सगळ्यांचा नंबर आणखी एकाने वाढवला, की चेंजलॉगमध्ये रिकाम्या आवृत्त्या दिसू लागतात.

रेपोच्या आत पॅकेजेस एकमेकांना नंबराने न बोलावता 'शेजारच्या फोल्डरमधलं घे' अशा अर्थाच्या 'वर्कस्पेस' खुणेने बोलावू शकतात. पीएनपीएम आणि यार्न ही साधनं प्रसिद्ध करताना त्या खुणेच्या जागी खरा नंबर भरतात. ती खूण चुकून तशीच बाहेर गेली तर पॅकेज जगात कुणाकडेच बसत नाही, कारण त्यांच्याकडे ते शेजारचं फोल्डर नसतं.

पद्धत मधेच बदलायची झाली तर

सुटे नंबर एकत्र करायचे असतील तर सगळ्यांना सर्वांत मोठ्या नंबराच्याही पुढे न्यावं लागतं, कारण नंबर मागे घेता येत नाही. उलट दिशेने जाणं सोपं. आजच्या एकाच नंबरापासून प्रत्येकाने आपापली वाट धरायची. दोन्ही वेळा पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये उडीचं कारण एका ओळीत लिहून ठेवावं लागतं, नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी हरवलेल्या आवृत्त्या शोधत बसतं.

अँग्युलरला ही उडी पुन्हा मारावी लागली. फ्रेमवर्कचे नंबर ४ वर जुळले होते, पण नवा प्रोजेक्ट तयार करून देणारं त्याचं 'सीएलआय' हे साधन तेव्हाही १ च्या घरात होतं. अँग्युलर ५ सोबत सीएलआयचं कोणतं १.x वापरायचं, हा प्रश्न नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पडायचा. मे २०१८ मध्ये अँग्युलर ६ आलं तेव्हा सीएलआय १.७ वरून थेट ६.० झालं. आज त्याच्या जुन्या आवृत्त्या शोधल्या तर २, ३, ४ आणि ५ सापडत नाहीत.